बदनामी आणि गरम पाणी

एखाद्या गावाची छापील बदनामी करायचीच असेल, तर ती नात्सुमे सोसेकींसारखी करावी. या जपानी लेखकाची ‘बोच्चान’ ही कादंबरी १९०६ साली आली. टोकियोचा एक तापट पोरगा गणिताचा मास्तर होऊन शिकोकु बेटावरच्या एका लहान गावात जातो, आणि बोटीतून पाय खाली ठेवल्यापासून त्याला तिथलं काहीही पटत नाही. हेडमास्तर गुळमुळीत, सहकारी कावेबाज, पोरं म्हणजे निव्वळ कार्टी. याने एका संध्याकाळी चार वाडगे टेम्पुरा-सोबा हाणले, तर दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर त्याची जाहीर नोंद. दोन बशा डांगो खाल्ले, फळ्यावर. गरम पाण्याच्या कुंडात कोणी नाही असं बघून जरा पोहून घेतलं, तर तेही फळ्यावर, आणि वर कुंडाच्या भिंतीला ‘पोहू नये’ अशी नवी कोरी पाटी. शेवटी दोन सहकाऱ्यांना बदडून तो टोकियोला परत जातो. पुस्तकात गावाचं नाव नाही. पण सोसेकींनी स्वतः १८९५-९६ मध्ये वर्षभर मात्सुयामाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यामुळे नाव न घेण्याचा उपयोग आपल्याकडे विधानसभेत होतो तेवढाच झाला.

हे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाबद्दल कोणी लिहिलं असतं, तर पुढचा कार्यक्रम आपल्याला पाठ आहे. भावना दुखावल्या असत्या. त्यासाठी पुस्तक वाचावं लागत नाही, त्यामुळे फार वेळही गेला नसता. शिक्षक संघटनेचं निवेदन, सोबावाल्यांचा निषेध, बाजारपेठ दुपारपर्यंत बंद, आणि संध्याकाळी लेखकाचा खुलासा की माझ्या लिखाणाचा विपर्यास करण्यात आला. मात्सुयामाकरांनी वेगळा हिशेब केला. हा माणूस आपल्याला फुकटात देशभर पोचवतोय, तर त्याला मधे कशाला थांबवा? आज त्या शहरात बोच्चान नावाची आगगाडी आहे, बोच्चान डांगो आहे, बेसबॉलचं बोच्चान स्टेडियम आहे, बोच्चान साहित्य पुरस्कारसुद्धा आहे. दोगो या तिथल्या गरम पाण्याच्या भागात ट्राम स्टेशनसमोर एक घड्याळ आहे. तास पडला की ते उंच होत जातं आणि त्याच्या पोटातून कादंबरीतली पात्रं बाहेर येऊन संगीताच्या तालावर हलू लागतात. त्यात तो लाल शर्टवाला बदमाश उपमुख्याध्यापकही आहे. खाली लोक शेजारच्या कुंडात पाय सोडून बसतात आणि आपल्या गावच्या बदनामीचं चित्रीकरण करतात.

भारतात ही कला एकाच शहराला साधली आहे, आणि त्या शहराचं नाव मीही सोसेकींच्या पद्धतीने घेत नाही. तिथेही स्वतःवरचे विनोद विकायला असतात, फक्त दुपारी एक ते चार मिळत नाहीत.

मी आणि बायको मात्सुयामाला गेलो, तेव्हा आमच्याबरोबर माझी मावशी होती. मावशी निवृत्त गणिताची शिक्षिका. निघण्यापूर्वी तिने ‘बोच्चान’ इंग्रजीतून वाचून काढलं आणि ठामपणे संस्थाचालकांची बाजू घेतली. “पहिल्याच वर्षी राजीनामा? आणि वर्गावर ताबा नाही तो नाहीच.” खरे सोसेकी महिना ऐंशी येन घेत होते आणि त्यांच्या मुख्याध्यापकांना साठ येन होते, हे मी तिला सांगायला नको होतं. नायकाला मात्र सोसेकींनी चाळीसच येन दिले. “म्हणजे स्वतः ऐंशी घेऊन पात्राचा निम्मा पगार कापला,” असं म्हणून मावशीने त्या लेखकाचं नाव मनातल्या मनात खाली काढलं.

मात्सुयामात बघायचं म्हणजे दोनच गोष्टी, डोंगरावरचा किल्ला आणि डोंगराखालचं गरम पाणी. किल्ल्याचा डोंगर एकशे बत्तीस मीटरचा. आपल्याकडे एवढ्या उंचीवर ट्रेकचं पहिलं फोटोसेशन होतं. पण जपानी माणसाने त्यालाही रोपवे लावला आहे, आणि शेजारी उघड्या खुर्च्यांचा पाळणा. तिकीट दोन्हीला चालतं. खुर्चीवर एका वेळी एकच माणूस बसतो. खुर्चीला पट्टा नाही, समोर दांडी नाही, खाली एक जाळी पसरलेली आहे. मागून खुर्ची येते, गुडघ्यामागे टेकते, आणि माणूस बसलाय असं गृहीत धरून निघून जाते. नवरा एका खुर्चीवर आणि बायको मागच्या, अशी पाचसहा मिनिटं कोणालाच कोणाशी काही बोलता येत नाही. परतणारी जोडपी बरीच ताजीतवानी दिसत होती.

मराठी माणूस किल्ल्यावर गेला की त्याचा पहिला प्रश्न असतो, लढाई कोणती झाली? इथे त्याची पंचाईत होते. कातो योशिआकी नावाच्या सरदाराने १६०२ मध्ये बांधकाम सुरू केलं. गडी शिझुगाताकेच्या रणात भाला गाजवलेला होता, त्यामुळे त्याने लढाईच्या सगळ्या युक्त्या या डोंगरावर रचून ठेवल्या. वाट अशी वळते की शत्रूला वाटावं समोरच बालेकिल्ला आहे, आणि त्याने सरळ भलतीकडेच चालत जावं. एका दरवाजाला मुळात दारंच नाहीत. शत्रूने बेधडक आत यावं आणि पुढच्या भक्कम दरवाजाशी अडावं, एवढ्याचसाठी ती चौकट. त्या पुढच्या दरवाजाच्या बगलेत आणखी एक चोरदरवाजा, म्हणजे अडलेल्या शत्रूवर मागून तुटून पडायची सोय. भिंतींना बाणांसाठी वेगळी भोकं आणि बंदुकीसाठी वेगळी. पंचवीस वर्षं हे सगळं उभं करून झालं आणि १६२७ मध्ये योशिआकीची आइझुला बदली झाली, पार दुसऱ्या टोकाला. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या कोणत्याही माणसाला या इतिहासात नवीन काही वाटणार नाही.

आणि शत्रू? तो आलाच नाही. पुढची सव्वादोनशे-अडीचशे वर्षं त्या भोकांतून पहारेकऱ्यांनी हवामान बघितलं. १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली, तेव्हा शेजारच्या तोसाचं सैन्य चालून आलं खरं, पण मात्सुयामाने न लढता शरणागती पत्करली. तो दारं नसलेला दरवाजा कोणालाही न फसवता तसाच राहिला. आज मात्र तो रोज शेकडो पर्यटकांना फसवतो. सगळे त्यातून आत येतात, चुकीच्या बाजूला वळतात आणि मग फोटो काढत राहतात.

खरा घाला वरून आला. १७८४ च्या नववर्षाच्या दिवशीच बालेकिल्ल्यावर वीज पडली आणि तो जळून गेला. तो पुन्हा उभा राहून उद्घाटन व्हायला १८५४ साल उजाडलं. हे माहितीफलकावर वाचून मावशी थांबली. तिची इमारत सध्या पुनर्विकासात आहे. “सत्तर वर्षं?” ती म्हणाली. “मग एवढे दिवस भाडं कोण देत होतं?” मी म्हटलं, मावशी, सरदार खालच्या वाड्यात राहायचा, वर नाही. “मग घाई कोणाला असणार!” पुनर्विकासाचं सगळं शास्त्र तिने एका वाक्यात सांगून टाकलं. त्यातही गंमत अशी की अमेरिकेच्या काळ्या आगबोटी तोफा रोखून जपानच्या किनाऱ्याला लागल्या त्या १८५३ मध्ये. म्हणजे जगात वाफेची जहाजं फिरत असताना इथे लाकडी बालेकिल्ल्याला शेवटचा हात फिरत होता. चौदा वर्षांत सामुराईंचं राज्यच संपलं. इतका उशिरा पूर्ण झाल्यामुळेच तो आजही जवळजवळ नवा दिसतो, आणि जपानमध्ये मूळ स्वरूपात उरलेल्या बारा बालेकिल्ल्यांत त्याची गणना होते. बाकी बऱ्याच ठिकाणी आत काँक्रीट आहे, ओसाकाला तर लिफ्टही आहे. इथे बूट काढून, माळ्यावर चढतात तशा उभ्या जिन्याने वर जावं लागतं. जिन्याच्या तोंडाशी तुळई बरोबर कपाळाच्या उंचीवर आहे. एवढी वर्षं वाट बघून अखेर या किल्ल्याला जे शत्रू मिळाले, त्यांच्यावर तो ही एकच युक्ती वापरतो. पण ती अचूक लागते.

वरून सेतोचा अंतर्गत समुद्र आणि त्यातली बेटं दिसतात. सुंदर आहे. पुढे जाऊ.

बोच्चान आगगाडी म्हणजे ट्रामच्या रुळांवरून धावणारं छोटंसं इंजिन आणि मागे लाकडी बाकांचे चिमुकले डबे. इथे रेल्वे १८८८ मध्येच आली होती. सोसेकींनी तिलाही सोडलं नाही, काडेपेटीएवढी आहे असं लिहून ठेवलं. आताची गाडी २००१ ची. ती डिझेलवर चालते आणि धुराड्यातून पाण्याची वाफ सोडून कोळशाचं सोंग आणते. खरा खेळ शेवटच्या स्टेशनावर. तिथे इंजिन वळवायला फिरता चौथरा नाही. गणवेशातले दोघे जण उतरतात. इंजिन आपल्याच पोटाखालच्या जॅकवर उचललं जातं, आणि ते त्याला हातांनी ढकलून गरकन फिरवतात. मग डबेही हातांनीच ढकलून जोडतात. हे सगळं पांढरे हातमोजे घालून, घड्याळाकडे बघत, अत्यंत गंभीर चेहऱ्याने. बघणारे टाळ्या वाजवतात. कादंबरीत ज्या गाडीची टर उडवली तिची हुबेहूब नक्कल करायची, आणि ती वळवायला रोज माणसं लावायची, एवढा मोठेपणा मी तरी कुठल्या परिवहन खात्यात पाहिलेला नाही.

या शहराचा दुसरा लाडका माणूस मासाओका शिकी, आधुनिक हायकूचा जनक. तो मात्र अस्सल इथला, जन्म १८६७ चा. सोसेकींचा जिवलग मित्र. १८९५ मध्ये आजारी होऊन गावी परतला तो थेट सोसेकींच्या भाड्याच्या घरात, आणि पन्नासेक दिवस तिथे राहिला. खालच्या मजल्यावर त्याने हायकूचे वर्ग चालवले आणि वर सोसेकी बसले. गावातल्या लोकांबद्दल सोसेकींचं मत नक्की कधी बनलं असावं, याचा मला साधारण अंदाज येतो. शिकी पस्तिशीच्या आत क्षयाने गेला. पण कवितेइतकंच त्याचं बेसबॉलवर प्रेम, आणि मरणानंतर शंभर वर्षांनी, २००२ मध्ये, जपानने त्याला बेसबॉलच्या मानकऱ्यांत बसवलं. तर अशा गावात ठिकठिकाणी हायकूच्या पेट्या असणारच. किल्ल्यावर, ट्राममध्ये, कुंडाजवळ. शेजारी कागद ठेवलेले असतात. सुचलं की लिहायचं आणि टाकायचं. आपल्याकडे अशा पेटीवर ‘तक्रार’ लिहिलेलं असतं.

मराठीत हायकू शिरीष पै यांनी रुजवला हे मावशीला माहीत होतं, आणि मराठी हायकूत अक्षरं मोजत बसत नाहीत हेही तिला माहीत होतं. ते तिला मान्य नव्हतं. मोजायचं नाही तर लिहायचं कशाला, असा गणिती प्रश्न तिने विचारला. बोटांवर पाच-सात-पाच मोजत, खुर्चीच्या पाळण्यावरून उतरल्यावर तिने लिहिलेला हा हायकू किल्ल्यावरच्या पेटीत पडला आहे:

जाळी पाहून
पट्ट्याची आठवण
जास्तच येते

पेटीतले हायकू वाचणाऱ्या परीक्षकांना देवनागरी येत असेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मोजता तर येईल ना?”

आता गरम पाणी. दोगो हे जपानमधल्या सर्वांत जुन्या समजल्या जाणाऱ्या कुंडांपैकी एक. पाय दुखावलेला एक पांढरा बगळा या पाण्यात पाय बुडवून बरा झाला, अशी इथली आख्यायिका. पण लोक बघायला येतात ती इमारत १८९४ ची. दोगो होन्कान तिचं नाव. तीन मजली, लाकडी, छपरावर छपरं, आणि सर्वांत वर लाल काचांचा मनोरा. तिच्या मागे इसानिवा युकिया नावाचा एक नगराध्यक्ष होता. त्याने या बांधकामाचा खर्च काढला तेव्हा गाव खवळलं. न्हाणीघरासाठी एवढा पैसा! इसानिवाचं म्हणणं असं की शंभर वर्षांनी दुसऱ्यांना जमणार नाही असं काही उभं केलं, तरच त्याला अर्थ आहे. त्याने स्वतःचा पगार सोडला, किल्ल्याचं काम करणाऱ्या सुतारांच्या घराण्यातला कारागीर आणला, आणि इमारत उभी केली. पुढच्याच वर्षी गिऱ्हाइकं आणायला रेल्वेही काढली.

आणि त्याच वर्षी सोसेकी गावात आले. आता बघा. बोच्चानला या गावात एकूण एक गोष्ट टाकाऊ वाटते, पण एकीला तो दाद देतो, ती म्हणजे गरम पाण्याचं ते नवं तीन मजली कुंड. रोज टॉवेल घेऊन तो तिकडे पळतो. गावकऱ्यांना गावातलं जे एकच काम नको होतं, तेवढंच त्या शिष्ट पाहुण्याला आवडलं. इसानिवाला याचा आनंद झाला की नाही, कोण जाणे. मला फार झाला.

ओन्सेनचा, म्हणजे जपानी गरम पाण्याच्या कुंडाचा, मुख्य नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो, अंगावर काहीही नाही. तरी प्रत्येक मराठी पुरुषाच्या मनात शेवटपर्यंत एक आशा असते, की ‘काहीही’मध्ये चड्डी येत नसेल. येते. इथे आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं एक कौशल्य मातीमोल होतं. रामकुंडावर, चंद्रभागेत, वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर आपण उघड्यावर शेकडो माणसांसमोर न्हातो. कमरेला पंचा गुंडाळून, त्याचं टोक दातात धरून, ओली चड्डी खालून सोडून सुकी चढवण्याची कसरत आपल्याला मुंजीच्या आधीपासून येते. वडिलांकडून मुलाला मिळणारी ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. आणि इथे एक टॉवेल मिळतो. रुमालापेक्षा थोडा मोठा, पंचापेक्षा खूप लहान. टॉवेलांसाठी जपानभर नावाजलेलं इमाबारी इथून जवळच आहे, पण तिथल्या विणकरांनीही या बाबतीत मराठी माणसाचा विचार केलेला दिसला नाही. तो टॉवेल एका वेळी एकच दिशा सांभाळू शकतो. कोणती, ते ज्याने त्याने ठरवायचं. आणि पाण्यात तो न्यायचाच नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा, म्हणजे जिथे लपवण्यासारखं काही नाही तिथे.

पण चष्मेवाल्यांवर देवाची कृपा आहे. कपाटात चष्मा काढून ठेवला आणि सगळी कुंडं, सगळे आजोबा आणि सगळं जग धूसर झालं. मला कोणी दिसत नव्हतं, त्यामुळे मीही कोणाला दिसत नसणार असं मी मानलं. पाण्यात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ घासावं लागतं, आणि ते जपानी लोक इतक्या निष्ठेने घासतात की नंतर कुंडात जायचं कारणच उरत नाही. मला शेजारच्यांचं बघून बघून शिकायचं होतं. दिसत नसल्यामुळे मी त्यांच्यापेक्षा बराच जास्त वेळ घासत बसलो. शेजारचे आजोबा माझ्याकडे आदराने बघत असावेत.

पाणी कढत. अठरा झऱ्यांचं, वीस अंशांपासून पंचावन्नपर्यंतचं पाणी एकमेकांत मिसळून ते साधारण बेचाळीस अंशांवर आणतात, वेगळं तापवत नाहीत की निववत नाहीत. दगडी कुंडात पहिला पाय टाकला तेव्हा मराठीतली चार-दोन अव्ययं तोंडून निघाली. मग हळूहळू गळ्यापर्यंत उतरलो, टॉवेल डोक्यावर ठेवला, आणि मधल्या दगडी खांबातून पडणाऱ्या धारेखाली सगळी हाडं एकेक करून सुटी झाली. भिंतीवर एक लाकडी पाटी अंधुक दिसत होती. पार नाक लावण्याइतकं जवळ जाऊन बघितली. जपानी मला वाचता येत नाही, पण त्या पाटीबद्दल आधी वाचलं होतं. ‘बोच्चान, पोहू नये’. कादंबरीतली पाटी खरी करून भिंतीला लावली आहे, आणि तीही थेट नायकाच्या नावाने. एवढा टोमणा, एवढ्या कमी शब्दांत, एवढ्या अधिकृत लाकडावर! त्या नाव न घेतलेल्या शहराने इथे एक अभ्यासगट पाठवायला हरकत नाही.

आंघोळीनंतर थोडे जास्त पैसे दिलेले लोक वरच्या दिवाणखान्यात सुती युकाता घालून चटईवर बसतात. चहा आणि भाताचं कुरकुरीत बिस्किट मिळतं. चहा संपून बराच वेळ झाला तरी बायकांच्या बाजूने मावशी आणि बायको येईनात. आल्या तेव्हा मावशी तीन स्थानिक आज्यांबरोबर होती. तिला जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तरी तिला एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दुसरीच्या सुनेची नोकरी आणि तिसरीचा मुलगा टोकियोहून फोन करत नाही हे सगळं कळलं होतं. लाजेचा प्रश्न मी हळूच काढला. “लाज कसली? सगळ्यांचं सारखंच असतं,” मावशी म्हणाली. “समीकरणात दोन्हीकडे सारखं असलं की खोडून टाकायचं.”

मग त्या तिघींनी तिला बोच्चान डांगो देऊ केले. एका काडीवर तीन गोळे, तिन्हींचे रंग वेगळे. एक हिरव्या चहाचा, एक लाल चवळीच्या जातीच्या कडधान्याचा, आणि मधला पिवळा, अंड्याचा. मावशी शाकाहारी. पहिला तिने खाल्ला. तिसऱ्यापर्यंत पोचायचं तर मधला ओलांडावाच लागतो, आणि तो काडीत ओवलेला. अख्खा किल्ला जे करू शकला नाही, ते एका काडीने केलं. मावशी अडली. बायकोने तो मधला गोळा तत्परतेने खाऊन वाट मोकळी केली, आणि आज्यांनी टाळ्या वाजवल्या.

होन्कानच्या वरच्या त्या लाल काचांच्या मनोऱ्यात एक ढोल आहे. तो सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला वाजतो. सकाळचा ढोल वाजला की दार उघडतं, आणि पहिलं पाणी आपल्याला मिळावं म्हणून स्थानिक मंडळी त्याआधीच येऊन उभी राहतात. मावशीला हे आज्यांकडून कळलं. “उठव मला,” तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला तिनेच उठवलं. अंधारात पोचलो तेव्हा रांगेत पहिले एक आजोबा होते, स्वतःची बादली, स्वतःचा साबण आणि झोपाळलेला नातू घेऊन आलेले. मागे मावशी. आजोबांनी मागे वळून परदेशी पाहुणी पाहिली आणि कमरेत वाकून हाताने सांगितलं, आधी तुम्ही. मावशीने वाकून सांगितलं, छे, तुमचा नंबर आहे. ते आणखी खाली वाकले. तीही वाकली, तिच्या गुडघ्याला जमेल तेवढी. वर ढोल वाजला, दार उघडलं, आणि हे दोघं खाली बघतायत असं पाहून नातू त्यांच्या मधून सरळ आत निघाला.

“ए!” मावशी म्हणाली.

पोरगा जागच्या जागी थांबला, वळला, आणि गुपचूप येऊन रांगेत शेवटी उभा राहिला.